पन्नास पास्कलचा परावर्तक: फुगवलेल्या अँटेनाच्या चाचणीतील एका विसंगतीचा प्रकरण अभ्यास

नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी 1 मीटर व्यासाचा, केवळ हवेच्या दाबावर आकार धरणारा परावर्तक तयार केला आणि त्याचे गणिती प्रारूप संगणकावर बांधले. सकाळी घेतलेल्या मोजमापांशी प्रारूपाचा मेळ चांगला बसत होता. मात्र एप्रिलच्या दुपारी तोच परावर्तक मध्यभागी तीन ते चार मिलिमीटर अधिक खोल भरत असे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा मूळ आकाराच्या जवळपास येत असे. मीटरभराच्या वस्तूत तीन-चार मिलिमीटर म्हणजे फारसे काही नव्हे असे प्रथमदर्शनी वाटते, परंतु अँटेनाच्या बाबतीत हा फरक कामाचा नमुना आणि बिनकामाचा नमुना यांच्यातला आहे. ही विसंगती कशी उलगडली, आधी कोणता खुलासा पुढे आला, तो का टिकला नाही आणि चाचणीच्या मांडणीत काय बदलावे लागले, याची ही नोंद आहे. प्रकल्पाचा एक परीक्षक या नात्याने मी मोजणीच्या बऱ्याच सत्रांना उपस्थित होतो.

पार्श्वभूमी

अँटेनाचा व्यास जितका मोठा तितका तिचा झोत अरुंद आणि लाभांक (एकाच दिशेला शक्ती एकवटण्याची क्षमता) मोठा, पण अग्निबाणाच्या टोपणाचा व्यास ठरलेला असतो. म्हणून मोठी अँटेना घडी घालून न्यावी लागते आणि कक्षेत गेल्यावर उलगडावी लागते. भारतीय उपग्रहांवर हे काम आजवर यांत्रिक मार्गाने झाले आहे: ऑगस्ट 2015 मध्ये प्रक्षेपित झालेल्या जीसॅट-6 वर 6 मीटर व्यासाची उलगडणारी अँटेना होती, आणि जुलै 2025 मध्ये गेलेल्या निसार या इस्रो-नासा संयुक्त उपग्रहावर नासाने पुरवलेला 12 मीटर व्यासाचा जाळीचा परावर्तक आहे. फुगवण्याचा मार्ग याहून हलका आणि घडीला आटोपशीर आहे. इस्रोने 3 सप्टेंबर 2022 रोजी थुंबा येथून रोहिणी अग्निबाणावर फुगणाऱ्या वेगरोधकाची चाचणी घेतली होती. तेथे उद्देश वेगळा असला तरी घडी, वायूभरण आणि लवचिक कापड हे प्रश्न त्याच घराण्यातले आहेत.

या क्षेत्रातला सर्वांत शिकवण्याजोगा प्रयोग मे 1996 मधला आहे. एन्डेव्हर अवकाशयानाच्या एसटीएस-77 मोहिमेत स्पार्टन-207 या वाहक उपग्रहावरून 14 मीटर व्यासाची फुगवलेली अँटेना उलगडण्यात आली. एल'गार्ड या अमेरिकी कंपनीने ती बनवली होती; 28 मीटर लांबीचे तीन फुगवलेले दांडे एका फुगवलेल्या कड्याला आधार देत होते, आणि त्या कड्यात अतिशय पातळ मायलरचा भिंगाकार परावर्तक ताणलेला होता. उलगडताना रचना ठरलेल्या क्रमाने न उघडता अनपेक्षित वेडीवाकडी वळणे घेत उघडली. घड्यांमध्ये अडकून राहिलेली हवा हे त्याचे एक प्रमुख कारण ठरवण्यात आले. दांडे आणि कडे अखेरीस अपेक्षित आकारात स्थिरावले, परंतु भिंगाकार भाग पुरेसा फुगला नाही आणि त्यामुळे परावर्तक पृष्ठाची अचूकता मोजायची राहूनच गेली. प्रयोगाचे दृश्य जगभर दाखवले गेले, पण ज्या आकड्यासाठी संरचना अभियंता डोळे लावून बसला होता तो आकडा हाती आला नाही. नागपूरच्या विद्यार्थ्यांनी हाच प्रयोग संदर्भासाठी निवडला, आणि अडकलेल्या हवेचा मुद्दा त्यांच्या अहवालाच्या पहिल्या प्रकरणात नीट मांडलेलाही होता. पुढे त्यांच्या स्वतःच्या नमुन्यातली हवाच त्यांना छळणार आहे, हे मात्र तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

नमुना

लकडगंजातून आणलेल्या प्लायवुडचे दुहेरी कडे कापून घेण्यात आले, म्हणजे निदान कडेची हालचाल तरी हिशेबाबाहेर राहावी. फिल्म इतवारीतल्या पॅकेजिंगच्या घाऊक दुकानातली, 12 मायक्रॉन जाडीची पॉलिएस्टर फिल्म. पुढची पारदर्शक, मागची चकाकणारी; दोन्ही मिळून कड्यावर एक हवाबंद भिंग तयार होते. दुकानात तिला सरळ ‘चांदी पन्नी’ म्हणतात, आणि तिचा यंग मापांक (ताणले जाण्याला ती किती विरोध करते त्याचे माप) विचारणारे गिऱ्हाईक तिथे बहुधा पहिलेच असावे. सपाट फिल्म नुसती कड्यावर ताणून फुगवली तर तिचा आकार अन्वस्ताचा (समांतर लहरी एका बिंदूत, म्हणजे नाभीत, एकवटणाऱ्या वक्राचा) होत नाही. हेन्कीने 1915 मध्ये सोडवलेल्या समीकरणानुसार तिचा छेद अन्वस्तापासून ठरावीक रीतीने ढळतो. म्हणून फिल्मच्या कळ्या (पाकळीसारखे तुकडे) कापून त्या टेपने जोडल्या, आणि तयार पृष्ठ 50 सेंटिमीटर नाभ्यंतराच्या अन्वस्ताजवळ येईल असे पाहिले. अशा अन्वस्ताची मध्यभागी खोली 12.5 सेंटिमीटर येते.

दाब 50 पास्कल ठरवला. हा आकडा डोळ्यांसमोर उभा करायचा तर पाण्याचा स्तंभ जेमतेम 5.1 मिलिमीटर उंचीचा घ्यावा लागतो. गोलाकार पटलातील (पातळ पडद्यातील) ताण दाब गुणिले वक्रता त्रिज्या भागिले जाडीची दुप्पट इतका असतो. येथे त्रिज्या सुमारे 1 मीटर धरली तर फिल्ममधील ताण 2.1 मेगापास्कल येतो. टेपच्या सांध्यांनाही तो झेपतो आणि फिल्मवरच्या बारीक सुरकुत्याही निघून जातात. गुरुत्वाचा प्रश्नही येथे सौम्य आहे: फिल्मचे स्वतःचे वजन प्रति चौरस मीटर 17 ग्रॅमच्या आत, म्हणजे 0.16 पास्कलइतके, म्हणून 50 पास्कलपुढे ते एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढेच ठरते. (मोठ्या अँटेनाला ही सवलत मिळत नाही. साडेसहा मायक्रॉनची फिल्म आणि 14 मीटर वक्रता त्रिज्या घेऊन हाच ताण हवा असेल तर दाब 2 पास्कलच्या आसपासच ठेवावा लागतो, आणि तेव्हा पृथ्वीवर फिल्मचे वजन दाबाच्या चार-पाच टक्क्यांपर्यंत जाते. आकार मिलिमीटरात मोजायचा असताना एवढा अंश दुर्लक्षून चालत नाही.)

आकार मोजण्यासाठी स्पर्श चालत नाही, कारण मोजपट्टीचे टोक टेकताच फिल्म दबते. विद्यार्थ्यांनी फिल्मवर गोल ठिपके उमटवले आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने निरनिराळ्या कोनांतून छायाचित्रे घेऊन ठिपक्यांचे त्रिमिती स्थान काढले. ही युक्ती त्यांची नव्हे. नासाच्या लँग्ली केंद्रात 5 मीटर व्यासाच्या फुगवलेल्या अँटेनाचे मोजमाप बाजारात मिळणाऱ्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यांनी याच पद्धतीने केले गेले होते. चकाकत्या पृष्ठावर खोलीतल्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब ठिपक्यावर पडले की संगणक ठिपक्याचे केंद्र चुकवतो, म्हणून खिडक्यांना काळा कागद लावून आणि दिवे बाजूला वळवून बसावे लागले. कूलर तर बंदच ठेवावा लागला: कूलरच्या झोताचा वेग सेकंदाला 3 मीटर धरला तरी त्याचा दाब 5 पास्कल, म्हणजे चाचणीच्या दाबाचा दहावा हिस्सा होतो. एप्रिलमध्ये नागपुरात कूलर बंद करून, काळ्या कागदाआड काम करणे म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगायला नको.

प्रारूपाबद्दल थोडक्यात. पटलाला वाकण्याचा विरोध जवळजवळ नसतो आणि दाबण्याचा विरोध मुळीच नसतो; ते फक्त ताण सोसते. त्यामुळे न फुगलेल्या अवस्थेत फायनाइट एलिमेंट (पृष्ठाचे लहान तुकडे पाडून गणित करणाऱ्या) प्रारूपाची ताठरता शून्याजवळ असते आणि गणित पहिल्याच पायरीला कोसळते. त्यासाठी आरंभी थोडा कृत्रिम ताण द्यावा लागतो, दाब टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो, दाबाची दिशा पृष्ठाबरोबर वळती ठेवावी लागते, आणि जिथे ताण एका दिशेने संपतो तिथे सुरकुती पडली असे मानावे लागते. सुरकुतलेल्या पटलाचा हा विचार स्टाइन आणि हेजपेथ यांनी 1961 मध्ये मांडला आणि आजही तो कामाला येतो. विद्यार्थ्यांनी हे सर्व नेटके केले होते. प्रारूपाने 50 पास्कलला दिलेला आकार आणि सकाळचा मोजलेला आकार यांत सांध्यांजवळच्या उंचवट्यांचा अपवाद सोडला तर तक्रारीला जागा नव्हती.

विसंगती आणि तिचा पहिला खुलासा

चाचणीची पद्धत अशी होती: सकाळी हातपंपाने हवा भरायची, दाब मोजणाऱ्या पाण्याच्या नळीवर 50 पास्कल दिसले की वॉल्व्ह बंद करायचा, नळी काढून घ्यायची आणि मग दिवसभर सवडीने छायाचित्रे घ्यायची. फुगा बांधून ठेवला की दाब बांधला गेला, असे त्यामागचे गृहीतक होते. टेपच्या सांध्यांतून थोडी गळती होती, तिचीही दखल त्यांनी घेतली होती. गळतीने आकार उथळ व्हायला हवा होता. प्रत्यक्षात दुपारी तो खोल होत होता.

विद्यार्थ्यांचा पहिला खुलासा असा की उन्हाळ्याच्या दुपारी फिल्म मऊ पडते, यंग मापांक उतरतो आणि त्याच दाबाला फिल्म जास्त ताणली जाते. खुलासा तर्कसंगत वाटतो. प्रारूपात मापांक 4 गिगापास्कल होता. तो कमी करत नेला की दुपारचा आकार प्रारूपातही मिळू लागला. आलेख जुळला, गटात समाधान पसरले, आणि अहवालात ‘तापमानानुसार सुधारित मापांक’ असा एक रकाना तयारही झाला.

माझा आक्षेप त्या रकान्यातल्या आकड्यावर होता. 50 पास्कलला फिल्मच्या ताणामुळे मध्यबिंदू खोल जातो तो ढोबळ हिशेबाने अर्धा मिलिमीटर. ही खोली आणखी साडेतीन मिलिमीटरने वाढवायची तर मापांक मूळच्या सुमारे आठव्या हिश्शावर, म्हणजे अर्ध्या गिगापास्कलवर आणावा लागतो. अर्धा गिगापास्कल मापांकाची फिल्म ही पॉलिएस्टर राहत नाही, ती पॉलिथिनच्या पंगतीला जाऊन बसते. पॉलिएस्टर लक्षणीय मऊ होऊ लागते ते 70 अंश सेल्सिअसच्या पुढे. प्रयोगशाळेत 40 अंशांवर पारा गेलेला नव्हता. प्रारूप जुळले ते चुकीची राशी हलवून, आणि अशा जुळणीचा धोका हा की ती पुढच्या प्रत्येक निष्कर्षात मुरते.

शंका पडताळण्याचा उपाय स्वस्त होता. त्याच फिल्मची 25 मिलिमीटर रुंद आणि 1 मीटर लांब पट्टी कापून तिला अर्धा किलोचे वजन टांगले तर ताण 16 मेगापास्कलच्या घरात जातो आणि 4 गिगापास्कल मापांकाला पट्टी 4 मिलिमीटर लांबते. मापांक आठपट कमी असेल तर ती 3 सेंटिमीटरहून अधिक लांबली पाहिजे. पट्टी भर दुपारी टांगली. लांबीवाढ मोजायला साधी स्टीलची पट्टी पुरली आणि ‘सुधारित मापांक’ त्याच दुपारी निकालात निघाला.

मग प्रयोगशाळेतले सहायक काका, जे इतके दिवस केवळ खिडकीचे कागद सांभाळत होते, त्यांनी आपले निरीक्षण सांगितले: “सर, दुपारी बोट लावून पाहा, टणक लागून राहिली. अन् सकाळी पाहिली तर मऊ.” फिल्म मऊ पडल्याने आकार खोल झाला असता तर ती बोटाला टणक लागली नसती. वॉल्व्हला पुन्हा नळी जोडून दुपारचा दाब वाचला तेव्हा तो 50 पास्कलच्या कित्येक पट निघाला.

बंद हवेचा हिशेब

येथे या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून हिशेब सविस्तर देतो. नागपुरात वातावरणाचा दाब साधारण 97,000 पास्कल असतो. भिंगात 50 पास्कल भरले असे आपण म्हणतो तेव्हा आत खरे तर 97,050 पास्कल असतात आणि बाहेर 97,000. फिल्मला जाणवतो तो या दोन प्रचंड संख्यांमधला चिमुकला फरक. ताठ भिंतीच्या डब्यात कोंडलेली हवा 27 अंशांच्या आसपास 1 अंशाने तापली तर तिचा एकूण दाब तीनशेव्या हिश्शाने, म्हणजे सुमारे 320 पास्कलने वाढतो. चाचणीचा दाब होता 50.

भिंग ताठ डबा नाही, आणि ही गोष्ट विसरून 320 हाच आकडा धरला तर उलट दिशेची चूक होते. दाब वाढताच फिल्म ताणते, मध्यबिंदू खोल जातो, घनफळ वाढते आणि वाढलेल्या दाबाचा मोठा भाग त्यात जिरतो. या नमुन्यासाठी दर पास्कलमागे मध्यबिंदूची खोली सुमारे शंभरांश मिलिमीटरने वाढते. घनफळ खोलीच्या प्रमाणात वाढते असे धरून वायूचे समीकरण आणि फिल्मचे समीकरण एकत्र सोडवले तर 1 अंशामागे दाबवाढ 37 पास्कल आणि खोलीतली वाढ 0.37 मिलिमीटर येते. सकाळपासून दुपारपर्यंत प्रयोगशाळा 10 अंशांनी तापली तर खोलीवाढ 3.7 मिलिमीटर. विद्यार्थ्यांनी मोजलेला फरक याच घरातला होता, आणि गळतीमुळे तो थोडा कमी भरणे स्वाभाविक होते. फिल्ममधला ताण दरम्यान 2 वरून 17 मेगापास्कलपर्यंत गेलेला असणार. टेपचा चिकटपदार्थ एवढ्या ताणाखाली आणि 40 अंशांच्या उष्म्यात किंचित सरकतो. सकाळी आकार ‘जवळपास’ मूळचा, पण तंतोतंत मूळचा का येत नव्हता, याचा उलगडाही त्यातून होतो.

गार होतानाचे चित्र अधिक बोलके आहे. भरल्यानंतर हवा दीड अंशाने जरी निवली तरी 50 पास्कल संपतात आणि फिल्म सुरकुतते. सकाळी एकाने दार उघडे ठेवले आणि दुसऱ्याने बंद, एवढ्यावर निकाल बदलावा इतकी ही मांडणी नाजूक होती.

तापमान स्थिर ठेवले म्हणजे सुटका होते असेही नाही. उष्ण कटिबंधात वायुदाबाला रोजची भरती-ओहोटी असते: सकाळी दहाच्या सुमारास तो कमाल असतो आणि दुपारी चारच्या सुमारास किमान, आणि हा फरक सुमारे 300 पास्कलचा असतो. बाहेरचा दाब 300 पास्कलने उतरला तर याच समीकरणांनुसार भिंगातला दाबफरक 34 पास्कलने वाढतो, म्हणजे जवळपास 1 अंश तापमानवाढीइतकाच. दुपारी दोन्ही परिणाम एकाच दिशेने काम करतात.

कक्षेत मात्र हा प्रश्नच उरत नाही. तिथे बाहेर निर्वात आहे, म्हणून आत 50 पास्कल म्हणजे एकूणच 50 पास्कल. 1 अंशाने त्यात फरक पडतो सहाव्या हिश्शाएवढ्या पास्कलचा. जमिनीवरची चाचणी अवकाशातल्या वापराहून सोपी असते असे सर्वसाधारणपणे मानले जाते, पण दाबाच्या बाबतीत ते उलटे आहे. याच्या बदल्यात कक्षेत दुसरी अडचण उभी राहते, आणि तिचा आकडा विद्यार्थ्यांना मी मुद्दाम काढायला लावला. भिंगाचे घनफळ 0.098 घनमीटर आहे. ते निर्वातात 50 पास्कलपर्यंत फुगवायला नागपूरच्या दाबाची किती हवा पुरेल? उत्तर 50 मिलिलिटर. घडी घालताना एवढी हवा कोपऱ्यात अडकून राहिली तर वायूभरणाचा वॉल्व्ह उघडण्यापूर्वीच परावर्तक पूर्ण फुगलेला असेल. 1996 मधल्या त्या वेड्यावाकड्या उलगडण्याचे आश्चर्य यानंतर वाटेनासे होते.

उरतो तो प्रश्न असा की 3.7 मिलिमीटरने अँटेनाचे बिघडते काय. खोली 12.5 वरून 12.87 सेंटिमीटर झाली की नाभ्यंतर 50 वरून 48.6 सेंटिमीटरवर येते. मध्यबिंदूही 3.7 मिलिमीटर मागे गेलेला असतो, म्हणून नाभी एकूण 18 मिलिमीटर आत सरकते आणि नाभीत बसवलेला संग्राहक जागच्या जागी राहतो. रेडिओ लहरींच्या एक्स पट्ट्यात 8.4 गिगाहर्ट्झला तरंगलांबी 36 मिलिमीटरच्या जवळ असते, म्हणजे संग्राहक नाभीपासून जवळपास अर्ध्या तरंगलांबीने ढळलेला. नाभीचा हा ढळ संग्राहक सरकवून भरून काढता येतो; पृष्ठावरच्या विखुरलेल्या चुका मात्र नाही. पृष्ठाच्या चुकांमुळे लाभांक किती घटतो ते सांगणाऱ्या रूझच्या सूत्राने पाहिले तर 1 मिलिमीटर वर्गमध्यमूळ (एक प्रकारच्या सरासरी) चुकीने 8.4 गिगाहर्ट्झला सुमारे अर्धा डेसिबल लाभांक जातो, आणि तीच चूक 32 गिगाहर्ट्झला जवळपास 8 डेसिबल खाते.

मांडणीतील बदल

बंद भिंगाची कल्पनाच सोडून देण्यात आली. मत्स्यालयाच्या छोट्या पंपाने हवा सतत आत सोडायची आणि जास्तीची हवा पाण्यात बुडवलेल्या नळीतून बाहेर जाऊ द्यायची, म्हणजे आतला दाबफरक नळी किती खोल बुडाली आहे त्यावर ठरतो. प्रयोगशाळा तापो, वायुदाब उतरो, सांध्यांतून थोडी गळती होवो, दाबफरक तोच राहतो.

कागदावर हे सोपे दिसते, पण पहिल्या जुळणीत दाब अपेक्षेच्या दुपटीच्या घरात आला. कारण पृष्ठताण. 6 मिलिमीटर अंतर्व्यासाच्या नळीच्या टोकाशी बुडबुडा सुटण्यासाठी जो जादा दाब लागतो तोच 48 पास्कल भरतो. म्हणजे पाण्याच्या खोलीएवढाच दाब बुडबुडा मागत होता. बारीक नळीऐवजी 25 मिलिमीटरचा पाइप वापरल्यावर हा हिस्सा बराच घटला, आणि उरलेल्याचा हिशेब करत बसण्याऐवजी दाब पाइपच्या खोलीवरून न ठरवता स्वतंत्र नळीवर वाचायचा असे ठरले. ती नळी गवंडी वापरतात त्या पारदर्शक लेव्हल पाइपची, दहास एक उतारावर टेकवलेली, त्यामुळे 5.1 मिलिमीटरचा स्तंभ 51 मिलिमीटर लांबीवर पसरला आणि अर्ध्या पास्कलपर्यंतचा फरक डोळ्यांनी टिपता येऊ लागला. बुडबुड्यांची थाप फिल्मपर्यंत पोहोचत होती, म्हणून मध्ये पिण्याच्या पाण्याचा 20 लिटरचा रिकामा जार जोडला.

प्रारूपातही दोन बदल झाले, आणि त्यातला दुसरा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पहिला असा की 50 हा ठरवलेला आकडा न घालता छायाचित्राच्या क्षणी वाचलेला दाब घालायचा. दुसरा असा की बंद भिंगासाठी आतली हवा आदर्श वायू मानून पटलाबरोबर जोडायची. म्हणजे दाब हे बाहेरून दिलेले मूल्य न राहता प्रारूपाचे उत्तर बनते. हे जोडप्रारूप वापरून विद्यार्थ्यांनी जुन्या, ‘बिघडलेल्या’ दुपारच्या मोजण्या पुन्हा काढल्या. मापांक 4 गिगापास्कलच ठेवून त्या बऱ्यापैकी जुळल्या. टाकून द्यायच्या म्हणून बाजूला काढलेली माहिती अशा रीतीने प्रारूपाची सर्वांत कठोर परीक्षा ठरली, कारण तिच्यात दाब बराच मोठा पल्ला फिरून आला होता.

कंपनाचा अपुरा भाग

आकाराचा प्रश्न सुटल्यावर कंपनाचा हाती घेतला, आणि तो अजून सुटलेला नाही. दोन्ही फिल्मचे मिळून वजन 28 ग्रॅम. त्यावर पाच ग्रॅमचा त्वरणमापक चिकटवला तर मोजले जाते ते त्वरणमापकाचे कंपन. हातोडीच्या टिचकीने फिल्म जागच्या जागी दबते आणि ऊर्जा पुढे जात नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात कॅप्टॉन या प्लास्टिक फिल्मच्या फुगवलेल्या कड्यावर पातळ, लवचिक पिझोइलेक्ट्रिक (वीज दिली की हलणाऱ्या आणि हलल्या की वीज देणाऱ्या) पट्ट्या चिकटवून कंपने निर्माण करण्याचे आणि मोजण्याचे काम झाले आहे, ते याच अडचणीतून. नागपूरच्या गटाने ध्वनिक्षेपकाने फिल्म हलवली आणि मोबाइलच्या मंदगती चित्रणातून ठिपक्यांची हालचाल काढली.

पण येथेही हवा आडवी येते. प्लायवुडऐवजी फुगवलेले हलके कडे बसवून परावर्तक आधारांवर पुढेमागे डोलवायचा असा पुढचा टप्पा आहे. तेव्हा हलणार काय? फिल्म 28 ग्रॅम. भिंगातली हवा सुमारे 108 ग्रॅम. आणि 1 मीटर व्यासाची तबकडी आपल्या पृष्ठाला लंब दिशेने हलताना बाहेरची जी हवा बरोबर ओढते तिचे परिणामी वस्तुमान सुमारे 365 ग्रॅम. कडे अर्ध्या किलोचे धरले तर निर्वातात 528 ग्रॅम हलतील आणि प्रयोगशाळेत एक किलो. आधारांची ताठरता तीच राहिली तर प्रयोगशाळेत मोजलेली वारंवारता निर्वातातल्या वारंवारतेच्या 73 टक्क्यांच्या आसपास येईल. कक्षेत 50 पास्कलचा आतला वायू ग्रॅमच्या विसाव्या हिश्शाएवढाच असतो, त्यामुळे तिथे या यादीतून दोन्ही हवा वजा होतात. नासाच्या मार्शल केंद्राने फुगवलेल्या सौर संकेंद्रकाची कंपन-चाचणी खुल्या हवेत आणि निर्वात कक्षात अशी दोनदा घेतली होती, त्यामागचा विचार हाच.

मीटरभर व्यासाचा नमुना मावेल असे निर्वात पात्र या गटाला उपलब्ध नाही. म्हणून प्रारूप दोन वेळा चालवायचे ठरले आहे: एकदा आतल्या आणि बाहेरच्या हवेसह, एकदा तिच्याशिवाय. प्रयोगाशी तुलना फक्त पहिल्या उत्तराची होईल. दुसरे उत्तर अहवालात येईल, पण वेगळ्या तक्त्यात, ‘पडताळणी झालेली नाही’ या शेऱ्यासह. गटातील एका विद्यार्थिनीने बाहेरच्या हवेचा परिणाम वेगळा काढण्यासाठी अर्धा मीटर व्यासाचा दुसरा नमुना सुचवला आहे: व्यास निम्मा झाला की ओढल्या जाणाऱ्या हवेचे वस्तुमान आठव्या हिश्शावर येते, फिल्मचे चौथ्या हिश्शावर, आणि दोन नमुन्यांच्या वारंवारतांमधून हवेचा वाटा सोडवता येतो. कड्याचे वजन या प्रमाणात उतरत नाही ही त्यातली अडचण आहे, आणि कडे कसे हलके करावे यावर सध्या ताडपत्रीच्या एका दुकानदाराशी त्यांची बोलणी चालू आहेत.